सापेक्षता व पुंजयामिकी : दैनंदिन तंत्रविद्येतील स्थान

सापेक्षता सिद्धांत व पुंजयामिकी या विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत उदयास आलेल्या भौतिकीतील दोन मूलभूत उपपत्ती होत. प्रकाशवेगाशी तुलनीय वेगाने होणारी गती, तसेच गती व गुरुत्वाकर्षण यांचे काल व अवकाश यांवर होणारे परिणाम यांचा विचार सापेक्षता सिद्धांतात केला जातो. अणू, रेणू, इलेक्ट्रॉन व प्रकाश यांच्या सूक्ष्म पातळीवरील वर्तनाची मीमांसा पुंजयामिकीत केली जाते. या उपपत्ती प्रयोगशाळेपुरत्या किंवा दूरच्या ताऱ्यांपुरत्याच उपयोगी आहेत, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात जमीन मोजण्याचे ग्राही, सौर पंप, दिवे, भ्रमणध्वनी व रुग्णालयातील यंत्रे यांची रचना या उपपत्तींच्या आधाराने केलेली असते. कोणत्या साधनात कोणता परिणाम किती प्रमाणात येतो, हे आकड्यांत सांगता येत असल्याने या विधानाची कसोटीही घेता येते.

या नोंदीत सांगली जिल्ह्यातील जत तालुका उदाहरणादाखल घेतला आहे. जत हे डफळे घराण्याच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९४९ मध्ये हा प्रदेश दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. कर्नाटकाच्या सीमेलगतचा हा तालुका पर्जन्यछायेत असून अवर्षणप्रवण आहे. ज्वारी, बाजरी, डाळिंब व द्राक्षे ही येथील पिके आणि माडग्याळी मेंढी हे येथील प्रसिद्ध पशुधन आहे. उच्च तंत्रविद्येच्या उद्योगांसाठी हा भाग प्रसिद्ध नाही. म्हणूनच अशा तालुक्यातील नित्याच्या साधनांत या दोन उपपत्ती कितपत गुंतलेल्या आहेत हे पाहिले असता त्यांच्या व्याप्तीची योग्य कल्पना येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : तापलेला पदार्थ कोणत्या रंगाचा प्रकाश किती प्रमाणात बाहेर टाकतो, याचे अचूक मापन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिन येथे करण्यात आले. दिव्यांच्या प्रकाशाचे मानक ठरविणे हा या मापनामागील एक हेतू होता. मिळालेल्या निष्कर्षांचे स्पष्टीकरण करताना माक्स प्लांक यांनी डिसेंबर १९०० मध्ये ऊर्जेची देवघेव अखंड नसून ठराविक पुंजांच्या रूपात होते, अशी कल्पना मांडली. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये ही कल्पना प्रकाशास लागू केली व त्याच वर्षी मर्यादित सापेक्षता सिद्धांत मांडला. १९१५ मध्ये त्यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण केला. नील्स बोर (१९१३), सत्येंद्रनाथ बोस (१९२४), व्हेर्नर हायझेनबेर्क (१९२५) व एर्व्हीन श्रोडिंजर (१९२६) यांच्या कार्यातून पुंजयामिकी आकारास आली. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये मर्यादित सापेक्षता व पुंजयामिकी यांचा मेळ घालणारे इलेक्ट्रॉनाचे समीकरण दिले. फेलिक्स ब्लॉख (१९२८) व ॲलन विल्सन (१९३१) यांनी घन पदार्थांतील इलेक्ट्रॉनांना पुंजयामिकी लावल्यानंतर धातू, निरोधक व अर्धसंवाहक यांतील भेदाचे कारण स्पष्ट झाले. व्यापक सापेक्षतेच्या अध्ययनात कोल्हापूर येथे जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८–९१) व त्यांचे पुत्र जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांचे कार्य महत्त्वाचे आहे.

जमीन मोजणी व उपग्रहीय स्थाननिश्चिती : जुन्या मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी ३३ फुटी साखळीने होत असे. या साखळीचे १६ आणे असत व एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट) होय. गुंठ्याची बाजू सु. १० मी. भरते. महाराष्ट्रात भूमि अभिलेख विभागाकडून मोजणीसाठी आता रोव्हर या नावाने ओळखले जाणारे उपग्रहीय ग्राही वापरले जातात. बांधाच्या वादात एकेका हाताचा फरकही महत्त्वाचा ठरत असल्याने या ग्राहीची अचूकता कशावर अवलंबून असते हे जाणून घेणे आवश्यक आहे.

स्थाननिश्चितीच्या उपग्रहात आणवीय घड्याळ असते. संदेश निघाल्याची वेळ व तो पोहोचल्याची वेळ यांतील फरकास प्रकाशवेगाने गुणिले असता उपग्रहाचे अंतर मिळते. निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची व ग्राहीच्या स्वतःच्या घड्याळातील चूक या चार अज्ञात राशी काढता येतात. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात सु. ३० सेंमी. अंतर जातो, म्हणून काळातील एक अब्जांश सेकंदाची चूक म्हणजे सु. हातभराची चूक होय.

इतका अचूक काल लंबकाने वा साध्या क्वॉर्ट्झ स्फटिकाने दीर्घकाळ राखता येत नाही. अणूतील इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जा पातळ्या पुंजयामिकीनुसार निश्चित असतात व दोन पातळ्यांतील संक्रमणाशी निगडित असलेली कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) त्या मूलद्रव्याच्या सर्व अणूंत सारखीच असते. सिझियम (१३३) अणूच्या अशा एका संक्रमणाच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांना लागणारा काळ म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या १९६७ मध्ये स्वीकारण्यात आली. स्थाननिश्चितीच्या उपग्रहांत रुबिडियम वा सिझियम अणूंची घड्याळे असतात. घड्याळाचा ठोका अशा रीतीने पुंजयामिकीने ठरतो. परंतु उपग्रहातील ठोका व जमिनीवरील ठोका यांत फरक पडतो आणि तो सापेक्षतेने ठरतो.

अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह भूपृष्ठापासून सु. २०,२०० किमी. उंचीवरून सेकंदास सु. ३·९ किमी. वेगाने फिरतात. मर्यादित सापेक्षतेनुसार या वेगामुळे त्यांतील घड्याळ दिवसाला सु. ७·२ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षांश) मागे पडते. व्यापक सापेक्षतेनुसार तेथील गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ते दिवसाला सु. ४५·८ मायक्रोसेकंद पुढे जाते. दोन्ही मिळून घड्याळ दिवसाला सु. ३८·६ मायक्रोसेकंद पुढे पडते. जून १९७७ मध्ये सोडलेल्या एनटीएस–२ या उपग्रहात सिझियम घड्याळ बसविले होते. सापेक्षतेची दुरुस्ती खरोखरच लागेल का, याविषयी काही अभियंत्यांना शंका असल्याने ती दुरुस्ती हवी तेव्हा चालू करता येईल अशी व्यवस्था त्यात केली होती. दुरुस्तीविना सु. २० दिवस घड्याळाचे निरीक्षण केले असता ते लक्ष कोटी भागांत ४४२·५ इतके जलद असल्याचे आढळले; सिद्धांताने दिलेला आकडा ४४६·५ होता. तेव्हापासून जीपीएस उपग्रहाचे घड्याळ जमिनीवरच हेतुतः तेवढे मंद लावून पाठविले जाते.

३८·६ मायक्रोसेकंदांस प्रकाशवेगाने गुणिल्यास सु. ११·६ किमी. येतात. त्यामुळे सापेक्षता विचारात न घेतल्यास स्थाननिश्चिती दररोज ११ किमी.नी चुकेल, असे विधान अनेक ठिकाणी केले जाते. मात्र ते जसेच्या तसे बरोबर नाही. सर्व उपग्रहांची घड्याळे सारखीच पुढे गेली, तर ती समान चूक ग्राहीच्या घड्याळाच्या चुकीत मिसळून स्थानाच्या गणितातून बहुतांशी निघून जाते. वेळ मात्र चुकते. स्थानावर खरा परिणाम उपग्रहागणिक बदलणाऱ्या चुकांचा होतो. कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने उपग्रहाचा वेग व उंची ही सतत बदलतात. कक्षेची विमध्यता ०·०१ असल्यास यामुळे घड्याळ सु. २३ अब्जांश सेकंदांपर्यंत पुढेमागे होते व अंतरात सु. ७ मी. चूक येते. ही दुरुस्ती प्रत्येक ग्राहीला स्वतःच्या गणितात करावी लागते. याखेरीज संदेश येईपर्यंत पृथ्वी फिरलेली असते. जतच्या अक्षांशावर भूपृष्ठ सेकंदास सु. ४४५ मी. वेगाने पूर्वेकडे सरकत असते. संदेशास लागणाऱ्या सु. ०·०७ ते ०·०९ सेकंदात ते ३० ते ४० मी. पुढे जाते व हा परिणामही गणितात घ्यावा लागतो. गुंठ्याची बाजू १० मी. असता या चुका किती मोठ्या आहेत हे उघड आहे.

रोव्हरच्या मोजणीत स्थिर संदर्भ केंद्रावरील ग्राही व शेतातील ग्राही या दोहोंचे मापन एकमेकांतून वजा केले जाते. उपग्रहाच्या घड्याळाची चूक दोहोंत जवळजवळ समान असल्याने ती नाहीशी होते व काही सेंमी. इतकी अचूकता मिळते. यामुळे सापेक्षता अनावश्यक ठरते असे मात्र नाही. कारण संदर्भ केंद्रांची स्थाने व उपग्रहांच्या कक्षा सापेक्षतेच्या दुरुस्त्यांसह काढलेल्या असतात. भ्रमणध्वनीतील एकट्या ग्राहीला तर अशी वजाबाकी सहसा उपलब्ध नसते.

भारताच्या नाविक या प्रादेशिक प्रणालीतील पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला. या प्रणालीचे उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवर असल्याने त्यांतील घड्याळे दिवसाला सु. ४६·६ मायक्रोसेकंद पुढे जातात. पहिल्या उपग्रहातील परदेशी बनावटीची तिन्ही रुबिडियम घड्याळे पुढे निकामी झाली आणि स्थाननिश्चितीच्या कामी त्या उपग्रहाचा उपयोग उरला नाही. इतर सर्व यंत्रणा शाबूत असूनही घड्याळावाचून असा उपग्रह निरुपयोगी ठरतो, हे यावरून दिसून आले. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस–०१ या उपग्रहात प्रथमच भारतात तयार केलेले रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले.

सौर पंप : जत तालुक्यात शेतीचे पाणी मुख्यतः विहिरी, कूपनलिका, तलाव व कृष्णेवरील म्हैसाळ उपसा सिंचन योजना यांपासून मिळते. विजेचा पुरवठा जेथे अनियमित असतो किंवा जेथे विजेची जोडणी नसते, तेथे सौर पंप उपयुक्त ठरतात. केंद्र शासनाची कुसुम योजना (२०१९) व महाराष्ट्र शासनाची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना (२०२४) यांद्वारे अशा पंपांस साहाय्य दिले जाते. पाच अश्वशक्तीच्या पंपास सु. ५ किलोवॉट क्षमतेची सौर पत्रे लागतात.

सौर घट सिलिकॉन या अर्धसंवाहकाचा असतो. पुंजयामिकीनुसार स्फटिकातील इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या ठराविक पट्ट्यांतच राहता येते. भरलेला संयुजा पट्टा व रिकामा संवहन पट्टा यांमध्ये सिलिकॉनात १·१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतके निषिद्ध अंतर असते. प्रकाशाच्या एका पुंजाची ऊर्जा यापेक्षा अधिक असेल तरच तो इलेक्ट्रॉनाला वरच्या पट्ट्यात नेऊ शकतो. कमी ऊर्जेचे कितीही पुंज आले तरी प्रवाह मिळत नाही. घटाच्या एका बाजूस फॉस्फरसाचे व दुसऱ्या बाजूस बोरॉनाचे अत्यल्प अणू मिसळलेले असतात. त्यामुळे संधीपाशी विद्युत् क्षेत्र निर्माण होते व ते सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना एकाच दिशेस लोटते. बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झालेल्या पहिल्या सिलिकॉन सौर घटाची कार्यक्षमता सु. ६ टक्के होती. हल्लीच्या व्यापारी पत्र्यांची २० टक्क्यांहून अधिक असते.

निषिद्ध अंतरामुळेच या कार्यक्षमतेला मर्यादा पडते. सूर्यप्रकाशातील सु. एक पंचमांश ऊर्जा कमी शक्तीच्या अवरक्त पुंजांत असल्याने वाया जाते. निळ्या व इतर जोरकस पुंजांतील जादा ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते आणि त्यात सु. एक तृतीयांश ऊर्जा जाते. एका संधीच्या घटाची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता सु. ३३ टक्के आहे, असे विल्यम शॉक्ली व हान्स क्वाइसर यांच्या १९६१ मधील गणिताच्या पद्धतीवरून दिसून येते. पत्र्याची नोंदलेली क्षमता २५° से. तापमानाची असते. तापमान वाढले की घटाचा विद्युत् दाब घटतो व दर अंशास सु. ०·३ ते ०·४५ टक्के शक्ती कमी होते. कडक उन्हाळ्यात पत्र्याचे तापमान ६५° से.पर्यंत गेल्यास शक्ती सु. १२ ते १८ टक्क्यांनी घटते. ऊन जितके कडक तितका पंप जोरात चालेल, ही अपेक्षा म्हणूनच पूर्णांशाने खरी ठरत नाही. पत्र्याखालून वारा खेळता ठेवणे व त्यावरील धूळ पुसणे हे यावरचे साधे उपाय होत.

दिवे : साध्या विजेच्या दिव्यातील तार तापून प्रकाश देते व विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो. एलईडी दिव्यात सौर घटाच्या उलट क्रिया घडते : संवहन पट्ट्यातील इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यात उतरताना निषिद्ध अंतराएवढी ऊर्जा प्रकाशपुंजाच्या रूपाने बाहेर टाकतो. म्हणजे प्रकाशाचा रंग पदार्थाच्या निषिद्ध अंतरावरून ठरतो. दृश्य तांबडा प्रकाश देणारी अशी प्रयुक्ती १९६२ मध्ये तयार झाली. मात्र निळ्या प्रकाशास लागणारे मोठे निषिद्ध अंतर असलेला गॅलियम नायट्राइडाचा निर्दोष स्फटिक तयार होण्यास आणखी तीस वर्षे लागली. या कार्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशाचा काही भाग अनुस्फुरक लेपाने पिवळ्यात बदलला म्हणजे डोळ्यास पांढरा प्रकाश दिसतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे हे दिवे खेडोपाडी पोहोचले. ज्या प्रश्नातून प्लांक यांना पुंजाची कल्पना सुचली तो प्रश्न दिव्याच्या प्रकाशाशी निगडित होता व त्या कल्पनेतूनच जुन्या दिव्याला पर्याय मिळाला.

ट्रँझिस्टर, भ्रमणध्वनी व स्मृती : जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन व विल्यम शॉक्ली यांनी १९४७–४८ मध्ये ट्रँझिस्टर तयार केला. अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉन व छिद्रे (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, ती धन विद्युत् भारासारखी वागते) यांच्या प्रवाहाचे नियंत्रण करून त्यात संदेशाचे विवर्धन केले जाते. निर्वात नळ्यांच्या रेडिओस अधिक वीज लागे. ट्रँझिस्टरचा रेडिओ कोरड्या घटांवर चालू लागल्याने तो वीज नसलेल्या वस्तीपर्यंत गेला. सांगली येथील आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले तो काळ हाच होता. हल्लीच्या भ्रमणध्वनीतील नखाएवढ्या सिलिकॉनच्या पट्टीवर अब्जावधी ट्रँझिस्टर असतात.

भ्रमणध्वनी बंद केला तरी त्यात साठविलेले छायाचित्र वा सातबारा उतारा पुसला जात नाही. ही माहिती निरोधकाने वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून साठविलेली असते. निरोधकाची भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनापाशी नसते व रूढ यामिकीनुसार तो आत शिरणेच शक्य नाही. पुंजयामिकीनुसार मात्र भिंत पुरेशी पातळ असल्यास तो तिच्यातून पलीकडे प्रकट होण्याची काही संभाव्यता असते. यास बोगदा परिणाम म्हणतात. माहिती लिहिताना मोठा विद्युत् दाब लावून ही संभाव्यता वाढविली जाते व दाब काढला की ती इतकी घटते की, इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे आतच राहतात.

गावातील भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यापासून पुढे संदेश बहुधा काचतंतूंतून जातो. त्यासाठी लागणाऱ्या लेसर प्रकाशाचे मूळ आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलेल्या उद्दीपित उत्सर्जनाच्या कल्पनेत आहे. एक प्रकाशपुंज उत्तेजित अणूवरून जाताना तंतोतंत आपल्यासारखा दुसरा पुंज बाहेर पाडतो, ही ती कल्पना होय. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये तयार केला.

वैद्यक : जत परिसरातील रुग्णांना गंभीर आजारात मिरज व सांगली येथे जावे लागते. मिरज हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वैद्यकीय सेवेचे केंद्र आहे. एमआरआय यंत्रात शरीरातील हायड्रोजनाच्या अणुकेंद्रांचा, म्हणजे प्रोटॉनांचा, उपयोग केला जातो. प्रोटॉनाला परिवलन हा पुंजयामिकीय गुणधर्म असल्याने चुंबकीय क्षेत्रात त्याच्या दोनच ऊर्जा पातळ्या संभवतात. १·५ टेस्ला क्षेत्रात या पातळ्यांतील संक्रमणाची कंप्रता सेकंदास सु. ६·४ कोटी असते, म्हणजेच ती रेडिओ तरंगांच्या पट्ट्यात येते. शरीराच्या तापमानास दर दहा लाख प्रोटॉनांमागे खालच्या पातळीत सु. पाचच अधिक असतात. तथापि शरीरातील पाण्यात प्रोटॉनांची संख्या प्रचंड असल्याने तेवढ्यावर स्पष्ट चित्र मिळते. क्ष-किरणांप्रमाणे यात आयनीकारक प्रारण नसते. एवढे क्षेत्र निर्माण करणारे वेटोळे बहुधा नायोबियम–टिटॅनियम मिश्रधातूचे असते व ते द्रवरूप हीलियमात सु. −२६९° से. तापमानास अतिसंवाहक होते. अतिसंवाहकता हादेखील पुंजयामिकीय आविष्कार आहे. तिची समाधानकारक उपपत्ती १९५७ मध्ये मिळाली.

कर्करोगावरील प्रारण उपचाराच्या रेषीय वेगवर्धकात इलेक्ट्रॉनांना उदा., ६० लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा दिली जाते. न्यूटन यांच्या यामिकीनुसार त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या सु. ४·८ पट यावा. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगाच्या ९९·७ टक्के इतकाच असतो. पहिल्या काही कोष्ठांनंतर वेग जवळजवळ स्थिर राहत असल्याने पुढील सर्व कोष्ठ समान लांबीचे ठेवता येतात. रूढ यामिकीने आखलेल्या नळीत इलेक्ट्रॉन व विद्युत् तरंग यांचा मेळच बसला नसता. येथे सापेक्षता ही नंतर करावयाची दुरुस्ती नसून यंत्राच्या लांबीरुंदीचाच आधार आहे.

सोने व संचायक घट : सांगली जिल्ह्याच्या खानापूर व आटपाडी भागांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त भारतभर पसरलेली आहेत. या व्यवसायात नित्य हाताळल्या जाणाऱ्या दोन धातूंतील रंगाचा भेद हा सापेक्षतेचा परिणाम आहे. सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असल्याने त्यालगतचे इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या सु. ५८ टक्के वेगाने फिरतात. त्यामुळे त्यांची कक्षा आकसते. याचा परिणाम बाहेरील पातळ्यांपर्यंत पोहोचून त्यांतील ऊर्जेचे अंतर कमी होते व सोने निळा प्रकाश शोषू लागते. उरलेला परावर्तित प्रकाश पिवळा दिसतो. चांदीत (४७ प्रोटॉन) हा परिणाम बराच कमी असून तिचे शोषण जंबुपार भागात होते. सापेक्षता लागू नसती, तर सोनेही चांदीसारखेच पांढरे दिसले असते.

ट्रॅक्टर व मोटारगाड्या सुरू करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिसे–अम्ल घटातही असेच घडते. अशा एका घटाचा विद्युत् दाब सु. २·१ व्होल्ट असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार त्यांपैकी सु. १·७ ते १·८ व्होल्ट शिशाच्या अणूंतील सापेक्षतेच्या परिणामांमुळे मिळतात. हा घट मात्र १८५९ मध्ये, सापेक्षता सिद्धांताच्या सेहेचाळीस वर्षे आधी, गास्ताँ प्लांते यांनी तयार केला होता. एखादी वस्तू तयार होणे व ती का चालते हे कळणे या भिन्न गोष्टी आहेत, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मर्यादा व गैरसमज : सर्वच तंत्रविद्या या दोन उपपत्तींवर उभी आहे असे मानणे योग्य नाही. म्हैसाळ योजनेतील पाणी टप्प्याटप्प्याने वर चढविणारे पंप, नळ व कालवे यांच्या आराखड्यास न्यूटन यांची यामिकी व रूढ विद्युत् चुंबकीय सिद्धांत पुरेसे आहेत. नवीन उपपत्तींनी जुन्या यामिकीस खोटे ठरविले नसून तिच्या वापराची हद्द दाखविली आहे : वेग अल्प व वस्तू मोठी असता दोहोंची उत्तरे व्यवहारात एकच येतात. तसेच केवळ समीकरणांवरून साधने तयार होत नाहीत. अतिशुद्ध सिलिकॉन, निर्दोष स्फटिक व सूक्ष्म कारागिरी यांसाठी रसायनशास्त्र, धातुविज्ञान व दीर्घ प्रयोग यांची जोड लागली. पुंजयामिकीचे नाव घेऊन विकली जाणारी रोगनिवारक कडी, पदके व पाणी यांना तिचा कोणताही आधार नाही. ती ज्या परिणामांविषयी बोलते ते मोजता येतात व आकड्यांत देता येतात.

साधनाच्या उपयोगाला नैसर्गिक मर्यादाही असतात. सौर पंपास दिवसा इंधनाचा खर्च नसल्याने पाणी अधिक काळ उपसले जाण्याचा संभव असतो. सौर घटाची उपपत्ती पत्र्यातून किती वीज मिळेल ते सांगते. कातळाखालील पाणी पुन्हा किती भरेल हे मात्र पाऊस, जमीन व उपशाचे प्रमाण यांवरच ठरते. जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात पंपाइतकेच भूजलाच्या मोजमापासही महत्त्व आहे.

पुढील दिशा : प्रकाशाच्या कंप्रतेवर चालणारी आधुनिक आणवीय घड्याळे इतकी सूक्ष्म झाली आहेत की, उंचीत सु. १ सेंमी. फरक असलेल्या दोन घड्याळांच्या गतींतील गुरुत्वाकर्षणजन्य तफावतही त्यांच्या साहाय्याने ओळखता येते. पूर्वी जी तफावत दुरुस्त करावी लागे, तिचाच उपयोग यापुढे उंची मोजण्यासाठी करता येईल. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत आणवीय घड्याळांचा समावेश असून पुंज संवेदन व मापन यांचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. त्याच महिन्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेसही मंजुरी मिळाली.

या दोन उपपत्तींचा पूर्ण मेळ अद्याप बसलेला नाही. गुरुत्वाकर्षणाचा सर्वमान्य पुंज सिद्धांत आजही उपलब्ध नाही. तथापि उपग्रहातील घड्याळात त्या शेजारीशेजारी कार्य करतात : ठोका अणूच्या पुंजयामिकीने ठरतो आणि तो जमिनीवर किती वेगळा भासेल ते सापेक्षतेने. शेताच्या हद्दीचा दगड कोठे बसवावा, हे ठरविताना दोन्ही गणिते बरोबर असावी लागतात.